कुर्री

टिण्ण करून बुगडी शहाबादी फरशीवर पडली आणि माझ्या मांडीवरची तान्ही दचकली. अत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाई नागव्वांनी, बुगड्यांची पुरचुंडी सोडली होती आणि मी तिकडं बघायचं टाळत होते. उद्या सकाळी काशप्पा सोनार कान टोचायला येणार होता. आमच्यात मुलीचे कान वर्षाच्या आत दोन ठिकाणी टोचतात, खाली पाळीला आणि वर बुगडीसाठी.

थोरल्या लेकीचे, नीलव्वाचेही तसेच टोचलेले. मागच्या साली तुरीची पोती गुलबर्ग्याला निघाली, तेव्हा ती भरल्या गाडीवर चढली आणि घसरली. बुगडी सुतळीत अडकून कान वरून फाटला, हात अंगाखाली सापडून मोडला. गावातले गुंडप्पा हाडं बसवतात. त्यांनी हात ओढून सरळ केला, बांबूच्या कामट्या लावल्या, उडदाच्या पिठाचा लेप चढवून आवळून बांधलं. लेप उरला. वाया कशाला घालवायचा म्हणून अत्तींनी तोच कानाला थापला आणि वर फडकं घट्ट गुंडाळलं. हाडाला जो गुण येतो तो कानाला का येणार नाही?

हात जुळला. इतका नीट, की कुठं मोडला होता ते बोटाला लागत नाही. कान मात्र लेपाखाली सुजला, पिकला आणि वाळल्या पानासारखा आक्रसून गेला.

हुमनाबादच्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी माझं बोट नीलाच्या नाकाच्या मुळाशी ठेवलं, मग शेंड्यावर. वर टणक, खाली लवणारं. "ये हड्डी, ये कुर्री," ते म्हणाले. "हड्डीमें खून दौडता, मां. कुर्रीमें नै." रक्त फिरतं म्हणून हाड स्वतःला सांधून घेतं. कुर्रीला आपलं रक्तच नाही. भोवतालच्या पापुद्र्यातून झिरपेल तेवढ्यावर ती जगते. एकदा नासली की पहिल्यासारखी भरून येत नाही. आणि कानाच्या पाळीत कुर्री नसते, हेही त्यांनी सांगितलं.

तेच धरून मी म्हटलं, "अत्ती, पाळीलाच टोचू द्या. वर नको."

एकदा दवाखान्याची पायरी चढलीस तर डागदरीण झालीस व्हय गं, असं त्या म्हणाल्या. या बुगड्या त्यांच्या आईच्या. नीलाच्या कानात आता बसणार नाहीत, तान्हीच्याही नाही बसल्या तर कुणाच्या बसायच्या?

मी त्यांचं बोट धरून तान्हीच्या मनगटावर ठेवलं, मग कानाच्या वरच्या काठावर. "इथं आत रक्त फिरतं, इथं नाही," म्हटलं. कान दुमडला आणि बोट काढताच अलगद उलगडला. त्या तो पुन्हा पुन्हा दुमडून बघत राहिल्या. तान्हीला गुदगुल्या झाल्या, ती हसली. मग अत्तींनी फरशीवरची बुगडी उचलली, पदरानं पुसली आणि पुरचुंडीला गाठ मारली.

"लेप मीच लावले होते," त्या हळू म्हणाल्या. "उद्या काशप्पाला पाळीच दाखीव."

नीला चौकटीला टेकून सगळं ऐकत होती. कानावरचे केस ती कधी हलू देत नाही. आता तिनं ते मागं सारले आणि माझ्याजवळ येऊन बसली.

"आई, हातात रगत घातलीस," ती म्हणाली. "मग कानात कामून घातली न्हाईस?"