करड्या कोटाची आवक-जावक

आमचे हे चौतीस वर्षं एका कचेरीत आवक-जावक कारकून होते. आलेलं पत्र आवक वहीत, गेलेलं जावक वहीत, आणि दोन्हीकडे स्वतःच्या हातानं. कचेरीत कॉम्प्युटर आले, सगळं आपोआप नोंदलं जाऊ लागलं, तरी हे वहीत लिहीतच राहिले. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी ती वही त्यांनाच भेट दिली. दुसऱ्या कुणाला ती नकोच होती.

मी शिवणकाम करते. पुढच्या खोलीत माझं मशीन असतं आणि गळ्यात टेप. आमच्या लग्नातला यांचा कोट मीच शिवलेला, करड्या रंगाचा. लेकीचं लग्न ठरलं तसं यांनी जाहीर केलं, "मी तोच कोट घालणार." मी म्हटलं, "त्यात आता तुमचा एक हात मावेल. नवा शिवते." झालं, माणूस हट्टाला पेटला. खरं सांगायचं तर मलाही त्यांना त्याच कोटात बघायचं होतं. पण तसं बोलले असते तर डोक्यावर बसले असते.

लेकीनं मनगटावर बांधायचा पट्टा आणून दिला आणि मोबाइलमध्ये ॲप टाकून दिलं. काय खाल्लं ते ॲपमध्ये आपण लिहायचं, किती चाललो ते पट्टा कळवणार, आणि जितकं चालणं तितक्या कॅलरी ॲप जास्तीच्या खायला देणार. यांना हे लगेच कळलं. खाणं आवक, चालणं जावक.

रोज पाच ते सहा हे फिरायला जात. आले की बूटही न काढता मोबाइल उघडत, "आजची मंजुरी सहाशे" असं म्हणत आणि लोण्याचा डबा काढत. तासाभराच्या चालण्यात एवढं लोणी कसं बसतं याचं मला नवल वाटे, पण यंत्रापुढे मी काय बोलणार.

दर रविवारी कोट घालून बघायचा. पहिल्या रविवारी गुंडी आणि काज यांच्यात वीतभर अंतर. यांचं तोंड असं उतरलं की मला बघवेना. सोमवारी हे फिरायला गेले तशी मी कोटाच्या बाजूच्या शिवणी उसवल्या, आतलं कापड पाव इंच सोडलं आणि पुन्हा शिवल्या. आत भरपूर कापड ठेवलेलं होतं. यांची तब्येत सुधारणार हे मला लग्नाआधीच दिसत होतं.

पुढच्या रविवारी अंतर कमी झालं. "बघ, ॲप काम करतंय," म्हणून हे खूश, आणि लोणी वाढलं. लोणी वाढलं म्हणून मी आणखी उसवलं. असे सहा आठवडे गेले. सातव्या सोमवारी उसवायला बसले तर आत कापडच उरलं नव्हतं. लग्नाला पाच दिवस, आणि गुंडी काजापासून अजून चार बोटं लांब.

मी हात टेकले आणि लेकीला सगळं सांगितलं. हे फिरून आले तसा तिनं मोबाइल मागून घेतला.

"बाबा, चालण्याची नोंद रोज दोनदा कशी? एक पट्ट्यानं पाठवलेली, आणि दुसरी?"

"दुसरी माझी."

"अहो, पट्टा आपोआप नोंदवतो."

"आपोआप झालेली नोंद मी कधी धरलेली नाही."

"म्हणजे चाललात एक तास आणि खाल्लंत दोन तासांचं."

मी जिंकल्यासारखी बसले होते. पण लेक मोबाइलवर बोट सरकवत होती.

"आणि हे काय? सोमवारी, पाच ते सहा, शिवणकाम. मागचे चारही सोमवार. चालता चालता शिवत होतात?"

माझ्या हातातली कात्री हातातच राहिली.

"ते तुझ्या आईचं," हे म्हणाले. "शिवण सोडली की आतलं न विटलेलं कापड बाहेर येतं. गडद रेघ दिसते. तिसऱ्या रविवारी लक्षात आली, मग दर आठवड्याला रुंद होत होती. एवढं दिसतं मला."

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"तू माझ्यासाठी गुपचूप शिवत बसतेस, बरं वाटायचं. म्हणून नोंद ठेवली."

"माझी मेहनत, आणि तुमच्या नावावर?"

"कोट माझा होता ना."

"आणि त्या कॅलरी?" लेकीनं विचारलं.

"खाल्ल्या," हे म्हणाले.

मला रडू येत होतं, पण हसूच आधी आलं.

मग मी पाठीत मधोमध नवी पट्टी घातली. करडं कापड जुळता जुळेना, मिळालं ते जरा हिरवट. लग्नाच्या दिवशी गुंडी लागली. पाठ कुणाला दाखवायची नाही असं मी बजावलं होतं, म्हणून हे दिवसभर भिंतीला टेकून उभे. सगळ्या फोटोंत लेक, जावई आणि मागे भिंतीला चिकटलेले आमचे हे. मला ते अगदी आमच्या लग्नातल्यासारखे दिसतात.

संध्याकाळी घरी आलो. हे कोट न काढताच मोबाइल आणि लग्नातून आणलेल्या केकची बशी घेऊन बसले. मी मागून डोकावले. पट्ट्याची नोंद, पावलं एकशे बारा. खाली यांच्या हातची नोंद, पावलं एकशे बारा. त्याखाली, शिवणकाम, पाच दिवस.

"ते माझं," मी म्हटलं, आणि बशी उचलून घेतली.