ओळखपरेडीची मिशी

आमच्या ठाण्यात सकाळच्या परेडला कुणाचे केस कॉलरला टेकतात, कुणाच्या बुटात तोंड दिसत नाही, हे बघण्याचं काम माझ्याकडे आहे. माझा स्वतःचा अंबाडा दुपारपर्यंत मानेवर येतो. म्हणूनच दिलं असावं.

नव्या मॅडम आल्या आणि त्यांच्यामागोमाग आदेश आला: मिशी ओठांच्या कोपऱ्यापुढे जाता कामा नये. तशी मिशी ठाण्यात एकच होती. बाकीच्यांच्या ओठांवर नुसती पेन्सिल फिरवल्यासारखी. झुपका शिपाई आत शिरला की आधी मिशी यायची, मग टोपी, मग तो.

"ताई, माझी राहू द्या ना," तो म्हणाला.

"मिशी काय माझ्या माहेरची आहे, राहू द्यायला?"

"आईसाठी म्हणतोय. तिला दिसतं कमी, आठवतं त्याहून कमी. दाराला साखळी लावून फटीतून हात बाहेर काढते. हाताला मिशी लागली की दार उघडते. आवाजावर विश्वास नाही तिचा. म्हणते, आवाज कुणीही काढेल."

मी मॅडमच्या कानावर घातलं. बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "आज याची मिशी, उद्या कुणाच्या कानात डूल. आणि आई काय, सगळ्यांनाच असते."

हे खरंच होतं. झुपक्याने कात्री चालवली, आरसा मी धरला. खालून एक लाजरा ओठ निघाला. त्याची आणि ठाण्याची ती पहिलीच भेट.

संध्याकाळी फोन वाजला. म्हातारा आवाज.

"दारात चोर उभा आहे. पोलिसाचे कपडे घालून आलाय, वर मला आई म्हणतोय. माझा मुलगा तुमच्याकडेच असतो, त्यालाच पाठवा."

तक्रार आली की जावं लागतं. मॅडम निघाल्या, मी निघाले, जीप घेऊन ड्रायव्हर निघाला.

झुपका जिन्यात टोपी मांडीवर घेऊन बसला होता. "तिची संध्याकाळची गोळी राहिलीय," तो म्हणाला. "आणि मी आल्याशिवाय ती जेवत नाही."

मॅडमनी दार वाजवलं. साखळीएवढी फट झाली.

"मावशी, हा तुमचाच मुलगा आहे."

"बाळंतपण तुम्ही केलं होतं का माझं?"

"मी त्याची साहेब आहे."

"मग तर तुम्हाला ठाऊकच हवं, त्याला मिशी आहे ते."

ड्रायव्हर खाली जाऊन जीपमधून एक डबा घेऊन आला.

संशयिताला मिशी असली की ओळखपरेडीत त्याच्या शेजारी उभ्या केलेल्यांनाही आम्ही खोट्या मिश्या लावतो, म्हणजे तो एकटाच उठून दिसत नाही. त्या मिश्यांचा डबा मागच्या परेडीपासून जीपमध्येच पडून होता. हलगर्जीपणाबद्दल मी ड्रायव्हरला झापणार होते. झापलं नाही.

झुपक्याने घाईघाईत थुंकीवर एक मिशी चिकटवली. फटीतून हात आला, चाचपला, ओढला. मिशी हातासकट आत गेली.

"चोर तो चोर, वर माल पण नकली!" दार बंद.

मॅडमनी कपाळ पुसलं. "रीतीनेच करू. ओळखपरेडीत माणूस एकटा उभा करत नाहीत." ड्रायव्हरने डिंक आणला. झुपक्याला लावली, ड्रायव्हरला लावली, दळण घेऊन वर चाललेल्या शेजाऱ्याला थांबवून त्यालाही लावली. चौथं माणूस हवं होतं. मॅडमनी डब्यात उरलेल्या मिशीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मला शोभली म्हणतात.

आम्ही एकेक करून फटीपुढे वाकलो. ड्रायव्हरला म्हातारी म्हणाली, "शी, तंबाखू." शेजाऱ्याला म्हणाली, "तुमचं पीठ सांडतंय." झुपक्याच्या गालावर हात जरा थांबला. झुपक्याने श्वास धरला. हात पुढे सरकला आणि माझ्या मिशीवर आला.

"हा. हाच माझा."

साखळी निघाली.

"किती वाळलास रे," ती मला म्हणाली. असं मला लग्नानंतर कुणी म्हटलं नव्हतं. मग ती जिन्याकडे वळली. "त्या चोरालाही घे आत. मघापासून नाक ओढतोय. चोराला काय पोट नसतं?"

आम्ही आत गेलो. गोळी मी दिली. कुठली ते चोराने खुणेने दाखवलं. जेवण त्याने गरम केलं, घास मऊ करून ताटलीत ठेवले, तिच्या पाठीशी उशी लावली, ती जरा डावीकडे सरकवली. म्हातारी टेकली.

"हा चोर याआधी येऊन गेलाय आपल्याकडे," ती मला हळूच म्हणाली. "बघ ना, सगळं बरोबर सापडतंय त्याला."

"हो आई," मी म्हटलं.

"त्याला धरून देऊ नकोस हं."

मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांना एकदम जीपमधलं काहीतरी आठवलं आणि त्या खाली गेल्या.

मिशी पुन्हा येईपर्यंत रोज संध्याकाळी मी त्या घरचा मुलगा होते. डिंकाने वरच्या ओठाला पुरळ आलं. मग एक दिवस फटीतल्या हाताला खरी मिशी लागली आणि मी सुटले. परवा म्हातारीने झुपक्याला विचारलं म्हणे, "तो चोर बरा आहे ना? हल्ली येत नाही."

आदेश अजून भिंतीवर आहे. सकाळी मी पट्टी घेऊन रांगेतून फिरते, मॅडम मागून येतात. झुपक्यापुढे आम्ही दोघी थांबतो आणि त्याचे बूट बघतो.