पांढरा चौकोन

तिने मास्तरांच्या नावावर पांढरा चौकोन ओढला. स्क्रीनवरून नाव गेलं. तिच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या मालकांनी ‘हं’ केलं आणि व्हिजिटिंग कार्डाच्या कोपऱ्याने दात कोरायला पुन्हा सुरुवात केली.

“आता कसं मोकळं दिसतंय,” ते म्हणाले.

कार्ड त्यांचं स्वतःचंच होतं. कोरून झालं की ते कोपरा डोळ्यांजवळ धरून बघत, पँटला पुसत आणि तेच कार्ड पाकिटात परत सरकवत. उद्या ते कुणाच्या तरी हातात जाणार, या विचाराने तिला नेहमीच शिसारी यायची. आजची शिसारी मात्र कार्डामुळे नव्हती.

पुस्तकाचं नाव होतं ‘छपाईचे शब्द’. छापखान्यात दिवसभर बोलले जाणारे साडेसहाशे शब्द, अर्थांसकट. कापणीसाठी कडेबाहेर ब्लीड किती सोडायचं आणि का, मशीन कागद पकडतं ती ग्रिपरची बाजू कुठली, दोन रंग एकमेकांवर नीट बसले नाहीत तर आधी काय तपासायचं, असं सगळं. मास्तर, म्हणजे या छापखान्याचे जुने फोरमन, बत्तीस वर्षं हे लिहीत होते. वाया गेलेल्या शीटच्या पाठकोऱ्या बाजूवर, पेन्सिलीने. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांचे डोळे गेले. काम सोडताना त्यांनी तो गठ्ठा सुतळीने बांधून तिच्या टेबलावर आणून ठेवला होता.

“सवडीने टाइप कर. आणि कधी कुणी छापलंच, तर नाव तेवढं नीट लाव,” ते म्हणाले होते. दुसरं काहीच त्यांनी मागितलं नव्हतं.

छापायचं मालकांनी ठरवलं. मुद्रकांच्या संघटनेत त्यांना अध्यक्ष व्हायचं होतं आणि वार्षिक मेळाव्यात प्रत्येकाच्या हातात आपलं पुस्तक असावं, ही कल्पना त्यांना फार आवडली होती. कव्हरवर सोनेरी अक्षरांत मालकांचं नाव. आतल्या पहिल्या पानावर मालकांचं नाव वर आणि त्याखाली ‘संकलन’ म्हणून मास्तरांचं, असं ठरलं होतं. तेवढं तरी मिळतंय, म्हणून तिनेच मास्तरांच्या घरी जाऊन सांगितलं होतं.  मास्तरांनी सुनेला हाक मारून तेच तिच्यासमोर पुन्हा सांगायला लावलं होतं.

“तुम्हीच म्हणाला होतात, आत त्यांचं नाव राहील,” ती स्क्रीनकडे बघतच म्हणाली.

“म्हणालो होतो. पण दोन-दोन नावं दिसली की लोक विचारतात, नक्की लिहिलं कुणी?”

“त्यांनीच लिहिलंय.”

“कागद कुणाचा होता? पेन्सिल कुणाची? पगार खात होते ना लिहिताना?” मालकांनी जिभेने दाढ चाचपली. “शेवटच्या पानावर आभार आहेत की त्यांचे. आणि तसंही, त्यांना दिसतंय थोडंच.”

हे ते कुजबुजत म्हणाले असते तर तिने एक वेळ समजून घेतलं असतं. ते हसून म्हणाले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबा निदान त्या बिळात राहतो तरी. मालकांनी या पुस्तकाचं एक पान धड वाचलं नव्हतं.

तिने चौकोनाच्या कडा पुन्हा एकदा नीट केल्या. गेल्या अकरा वर्षांत तिने कुठल्याही कामात पांढरा चौकोन वापरला नव्हता.

वापरला होता तो एकदाच, नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात. एका फर्निचरवाल्याचं पत्रक होतं, त्यातला जुना फोन नंबर बदलायचा होता. तिने नंबरावर पांढरा चौकोन ठेवला आणि त्यावर नवा नंबर लिहिला. पाच हजार पत्रकं छापून आली, ती दोन्ही नंबर एकमेकांवर चढलेली. मालकांनी सगळ्यांना मशीनपाशी उभं केलं. चूक कुणाची, असं विचारल्यावर ती काही बोलायच्या आतच मास्तर म्हणाले, “माझी. मी तपासलं नाही.” वयाने पंधरा वर्षं लहान असलेल्या मालकांनी मग मास्तरांना सगळ्यांसमोर नको नको ते ऐकवलं. ती गप्प उभी राहिली. गप्पच नव्हे, तिला हायसं वाटलं होतं. त्या हायसं वाटण्याची तिला पुढे कितीतरी वर्षं मालकांच्या दात कोरण्याइतकीच किळस येत राहिली.

दुपारी मास्तरांनी तिला जवळ बसवून समजावलं होतं. “पांढरी शाई आपल्याकडे नसतेच, पोरी. पांढरं म्हणजे कोरा कागद. साधा पांढरा चौकोन ठेवलास तर खालचं गाळलं जातं आणि तेवढा कागद कोरा राहतो. पण ओव्हरप्रिंटची खूण चालू राहिली, तर आपण सांगतोय, खालचं गाळू नका, त्याच्यावरच छापा. मग पांढरं छापायला शाई नाही आणि खालचं जसंच्या तसं. स्क्रीनवर कळत नाही. टेबलावरच्या प्रिंटरवरही कळत नाही. प्लेट निघाली की सगळं वर. म्हणून झाकत बसायचं नाही. नको असेल ते सरळ काढून टाकायचं.”

“झालं का?” मालकांनी विचारलं.

“एक खूण बघायची राहिली,” ती म्हणाली. तिने माउस एकदा दाबला. “झालं.”

टेबलावरच्या प्रिंटरवर प्रूफ निघालं. मालकांनी अंगठा जिभेला लावला, पान उलटलं, पुन्हा अंगठा जिभेला. एकशे बारा पानांच्या कोपऱ्यांवर ओले डाग पडत गेले. वाचत ते काहीच नव्हते, आपलं नाव जिथे जिथे होतं तिथे थांबत होते. पहिल्या पानावर त्यांनी ‘छपाईस मंजूर’ लिहिलं आणि खाली लफ्फेदार सही केली. इथला नियमच होता तो. सहीचं प्रूफ असल्याशिवाय काम मशीनवर चढायचं नाही, आणि मशीनवरचा पहिला शीट त्या प्रूफशी जुळवूनच पुढची छपाई सुरू व्हायची.

तिने ते प्रूफ दोन बोटांत धरून मशीनखात्यात नेलं आणि परत येताना हात साबणाने दोनदा धुतले.

प्लेट निघाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनमनने तिला बोलावून घेतलं. काडीसारखा बारीक माणूस, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. कामाला लागला तेव्हा त्याला शाई कालवायला मास्तरांनीच शिकवलं होतं. पहिला शीट टेबलावर पसरून तो भिंगातून बघत होता. मालकांच्या नावाखाली, जिथे प्रूफवर कोरा कागद होता तिथे, मास्तरांचं नाव स्वच्छ काळं उमटलेलं होतं.

“ताई, हे प्रूफवर नाहीये,” पैलवान म्हणाला.

 अजून वेळ होता. चौकोन पुसायचा, नाव काढायचं, एक प्लेट नवी काढायची, अर्ध्या तासाचं काम. घरी आई अंथरुणाला खिळलेली होती आणि चाळिशीला आलेल्या बाईला दुसरा छापखाना ठेवून घेईलच, असं काही नव्हतं.

“काळा रंग नीट बसलाय?” तिने विचारलं.

“काळा झकास बसलाय.” पैलवानने भिंग बाजूला ठेवलं. “प्रूफवर सही आहे ना मालकांची?”

“आहे.”

“मग मी अडाणी माणूस. मी सही बघतो.” त्याने प्रूफ उलटं करून शाईच्या डब्याखाली ठेवलं, फडक्याला हात पुसले आणि मशीनचा वेग वाढवला.

मेळाव्याच्या सभागृहात प्रत्येक खुर्चीवर एकेक प्रत ठेवलेली होती. बांधणी होऊन आल्यावर मालकांनी कव्हरवरच्या सोन्यावरून हात फिरवला होता. पुस्तक उघडायची त्यांना सवय नव्हती. मास्तरांना तिने स्वतः जाऊन आणलं आणि तिसऱ्या रांगेत आपल्या शेजारी बसवलं. मालक माइकवर सांगत होते की धंदा सांभाळून, रात्रीचा दिवस करून, एकेक शब्द त्यांनी कसा टिपला. मास्तर मान खाली घालून ऐकत होते. तिला उठून बाहेर जाऊन थुंकावंसं वाटत होतं.

मग संघटनेचे मावळते अध्यक्ष बोलायला उठले. म्हातारे गृहस्थ होते, शिशाचे खिळे जुळवण्यापासून सुरुवात केलेले. त्यांनी चष्मा लावला, पुस्तक उघडलं आणि पहिलं पान मोठ्याने वाचलं. वरचं नाव वाचलं. मग खालचं.

“संकलन यांचं आहे होय?” ते म्हणाले. “आमचे मास्तर? आलेत का ते?”

तिने मास्तरांच्या कोपराला हात लावला. ते उठून उभे राहिले आणि आवाज जिथून आला त्या दिशेला त्यांनी हात जोडले. पहिल्या रांगेतल्या दोघा-तिघा पांढऱ्या डोक्यांनी टाळ्या सुरू केल्या, मग सगळ्यांनीच. मालकही वाजवत होते. न वाजवून सांगतात कुणाला.

कार्यक्रम संपल्यावर मालकांनी व्यासपीठामागच्या खोलीत तिला आणि मास्तरांना गाठलं. मावळते अध्यक्ष तिथेच कोट घालत होते. मालकांनी आधी हसून त्यांना आपलं व्हिजिटिंग कार्ड दिलं. कोपरा मऊ पडलेलं तेच कार्ड तिने ओळखलं. म्हाताऱ्यांनी ते खूण म्हणून पुस्तकात घातलं आणि तिने नजर दुसरीकडे वळवली.

“प्रूफवर हे नव्हतं,” मालक दबक्या आवाजात तिला म्हणाले. “मी सही केलीय. कुणाची चूक आहे ही?”

“माझी,” मास्तर म्हणाले. “ओव्हरप्रिंट राहिलं असणार. हिला शिकवताना माझ्याकडून काही कच्चं राहिलं.”

“ओव्हरप्रिंट म्हणजे काय?” मालकांनी विचारलं.

कोटाचं बटण लावता लावता म्हातारे थांबले. त्यांनी हातातल्या पुस्तकाच्या कव्हरकडे पाहिलं, मग मालकांकडे.

“पान एक्केचाळीस,” मास्तर म्हणाले; पानं लावून झाल्यावर तिने ती त्यांना आकड्यांसकट वाचून दाखवली होती.

 अकरा वर्षांपूर्वी मशीनपाशी आली होती तशीच ती वेळ पुन्हा समोर येऊन उभी होती. 

“मास्तर, चूक नाहीये ती,” ती म्हणाली. “खूण मी चालू केली. बघून केली.”

मालकांनी तिच्याकडे पाहिलं. “उद्यापासून येऊ नका,” एवढंच ते म्हणाले आणि म्हाताऱ्यांना दारापर्यंत सोडायला गेले.

मास्तर जागेवरच उभे होते. त्यांनी हात पुढे केला. तिने आपली प्रत उघडून त्यांच्या हातांवर ठेवली आणि त्यांचं बोट धरून नावावर नेलं. ऑफसेटची छपाई बोटाला लागत नाही, हे त्यांना तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी त्यांनी बोट डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवलं.

“अक्षर किती पॉइंट?” त्यांनी विचारलं.

“अठरा.”

“चौदा पुरला असता,” मास्तर म्हणाले, पण बोट काही त्यांनी उचललं नाही.