गार होईपर्यंत

‘आधी हात लाव, मग डोळा. कान सगळ्यात शेवटी – कानासाठी विकणाऱ्याने तयारी करूनच ठेवलेली असते...’

बॉनेटवर नाण्याएवढा एक पोचा होता आणि त्यात तिच्या मधल्या बोटाचं टोक नेमकं बसलं होतं. बोट उचलावं असं तिला वाटेना. पत्रा उबदार होता. उन्हाने नव्हे – पिकअप बेकरीच्या मागच्या भिंतीच्या सावलीत उभी होती, भिंत गार, फरशी गार, हौद्याचा मागचा फाळका तर ओल्या पाटीसारखा गार. ऊब तेवढी इथेच, हाताखाली... हे शिकवणारे वडील असते तर एवढ्यावरच हसले असते. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, मालकांना गाड्या पारखून दिल्या, स्वतःच्या नावावर मात्र सायकलीपलीकडे काही आलं नाही. बॉनेट असं उबदार लागलं की ते म्हणायचे, फोटो काढायच्या आधी पोराचं तोंड धुतलंय बघ. गार इंजिन चालू होताना जे बोलतं तेच खरं. निदान एक दुपार जाऊ दे मध्ये.

“आज फिरवून आणलीत का गाडी?” तिने विचारलं.

ती हळू बोलायची. इतकी की ऐकणाऱ्याला थोडं वाकावं लागे, आणि वाकलेल्या माणसाला उगाचच वाटे की आपण हिच्यापेक्षा मोठे आहोत. बेकरीवालाही वाकला.

“छे हो ताई! दोन दिवस जागची हलली नाही.”

“मग थांबते मी. गार होऊ दे.”

बेकरीवाल्याने धाकट्या दिरांकडे पाहिलं. दीर फाळक्याला टेकून उभे होते, अंगठे पट्ट्यात खोचून. “वहिनी, गाडी घ्यायचीय की चहा? फुंकर मारू का?”

दोघे हसले. तीही हसली, कारण विनोद वाईट नव्हता, आणि हसण्याने काही बिघडत नव्हतं. बोट तिने पोच्यातून काढलं आणि ती गाडीभोवती फिरू लागली.

दीर आपणहून आले होते. तिने बोलावलं नव्हतं. पण घरात तिने नुसता ‘पिकअप’ हा शब्द उच्चारला आणि नवरा म्हणाला, भावाला घेऊन जा, त्याला त्यातलं कळतं. आणि तो वाक्य संपवेपर्यंत भाऊ दारात. खुर्च्या विणण्याचं काम तिचं, हातापायाला भेगा तिच्या, कारखान्यातल्या दोन बायका तिने शिकवलेल्या – पण खुर्च्या न्यायच्या-आणायच्या त्या दिरांच्या टेम्पोतून. त्यांना सवड असेल तेव्हा. सवड म्हणजे सिमेंटची पोती, पत्रे, कुणाचं तरी कपाट, हे सगळं झाल्यावर आणि बरेचदा या सगळ्याच्या खाली. वृद्धाश्रमाच्या बारा खुर्च्या गेल्या वर्षी पोहोचल्या तेव्हा चार बैठकांमधून कपाटाचा कोपरा आरपार गेला होता. तिथल्या एक आजी आपल्या खुर्चीच्या भोकातून हात घालून बोटं हलवत होत्या, लहान मुलासारख्या, आणि ती दारात उभी... दीर म्हणाले होते, वेतच कच्चा असणार, वहिनी.

आता येत्या गुरुवारी शाळेच्या वाचनालयाच्या साठ खुर्च्या पोहोचवायच्या आहेत. साठ! शुक्रवारी वाचनालय उघडणार. शाळेच्या बाईंनी बजावून सांगितलंय, एक जरी फाटकी आली तर पुढच्या वर्षीपासून प्लास्टिकच्या.

तिने हौद्याचा मागचा डावा कोपरा दोन्ही हातांनी दाबला. मग सगळं वजन टाकून दाबला. हे वडिलांनी शिकवलेलं नव्हतं. दुरुस्तीला खुर्ची आली की लोकांना वाटतं ही आधी फाटलेला वेत बघणार. पण ती आधी एक कोपरा दाबते आणि समोरच्या तिरक्या पायाकडे बघते. तो पाय उचलला गेला, तर वेताचा काही दोष नाही, चौकट पिळलेली आहे. गाडी खुर्चीसारखी उचलली जाणार नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं. पण हौद्याखालचे स्प्रिंगचे पाटे करकरले, आणि तिची नजर आपोआप समोरच्या उजव्या अंगाला गेली – केबिन आणि हौदा यांच्यामधल्या फटीकडे. पिशवीतून वेताची एक पट्टी काढून तिने ती डावीकडच्या फटीत घातली. सैल गेली. उजवीकडे घातली. अडकली. खाली गेली तशी पुन्हा सैल झाली...

“काय मोजताय?” बेकरीवाला.

“काही नाही. सवय.”

“कपडे शिवणार बहुतेक गाडीला,” दीर म्हणाले.

तेवढ्यात बेकरीतल्या घड्याळाचे अकरा ठोके पडले. ती केबिनचं दार उघडून चालवणाऱ्याच्या जागेवर जाऊन बसली, पदर नीट केला आणि डोळे मिटले.

“झालं!” दीर बेकरीवाल्याला म्हणाले. “वहिनीची मधली सुट्टी. आता बारापर्यंत तोंडाला कुलूप. सोळा वर्षं झाली, घराला आग लागली तरी हातवारे करील.”

आग लागली नव्हती कधी. पण मुलगी तापातून उठली त्या आठवड्यापासून अकरा ते बारा हा तास तिने देवाला दिला होता, आणि एकदा दिलेलं परत मागायचं नसतं. त्या तासात ती काही मागतही नसे. श्वास मोजायचा, बास. आज मात्र मन श्वासावर ठरेना. पायाखाली क्लचचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं, ब्रेकचं मात्र कोरं करकरीत... का बदललं असेल? बसायची गादी डावीकडे कललेली. वर्षानुवर्षं एकच जड माणूस एकाच कुशीवर बसलेला. मी बसले तर कुठे कलेल? परवाना माझ्याकडे आहे. बावीस वर्षं मुदत संपायच्या आत नवा करून घेतलाय, दारात गाडी नसताना. नवरा दर वेळी विचारायचा, कशाला? आणि दर वेळी मी म्हणायचे, असू दे. असू दे... किती बुळबुळीत शब्द. आयुष्याचा अर्धा गाडा या एका शब्दावर ओढला मी.

केबिनच्या मागची काच सरकलेली होती. मौनातल्या माणसापुढे लोक बहिऱ्यापुढे बोलावं तसं बोलतात, हे तिला सोळा वर्षांत चांगलं कळलं होतं. एरवी ती ते ऐकून सोडून देई.

“बाईला शंका आलीय,” बेकरीवाल्याचा आवाज. “तुम्ही म्हणालात म्हणून सकाळी चक्कर मारून आणली. उगाच माझं तोंड काळं.”

“काही होत नाही हो.”

“आणि ते पुलाच्या कठड्याचं? सांगून टाकू का? पुढे माझ्या नावाने बोंब नको. बाई देवभोळी दिसते, मला पाप लागायचं.”

“पाप कसलं! मी तर म्हणतो घेऊच दे. हौस आहे ना, फिटू दे. दोन महिन्यांत पाटे बसतील, गाडी एका अंगाला ओढायला लागेल. मग येईल परत माझ्या टेम्पोकडे, आणि पुन्हा कधी नाव काढणार नाही.” मग, जवळजवळ मायेने – “आमची वहिनी तशी साधी आहे हो.”

तिचे डोळे मिटलेलेच राहिले. जीभ मात्र टाळूपर्यंत आली, दातांच्या मागे येऊन उभी राहिली. एक शब्द. एकच. सोळा वर्षांत पहिल्यांदा तिला तो तास दगडासारखा जड झाला. आणि याच तासाच्या भिंतीआड हे दोघे सुखाने बोलत होते, हेही तिला दिसलं. बोलले तर व्रत मोडेल. नाही बोलले तर... तर काय? बारा वाजणारच आहेत. देवा, मला राग येऊ नये असं म्हणत नाही मी. येऊ दे. पण हा राग गाडी घेणार असेल तर त्याला बाहेर ठेव, आणि भीती गाडी नाकारणार असेल तर तिलाही. एवढंच. सोळा वर्षांत तिने या तासात पहिल्यांदाच काही मागितलं होतं, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

बारा वाजले. ती खाली उतरली, दार लावून घेतलं आणि बेकरीवाल्यापुढे उभी राहिली.

“पुलाच्या कठड्याला लागली तेव्हा माल भरलेला होता की रिकामी होती?”

पाव भट्टीत फुगावा तसा बेकरीवाल्याचा चेहरा फुगला आणि बसला. “भरलेली... म्हणजे, अर्धी. उजवीकडून. चासी सरळ करून घेतलीय ताई, आईशप्पत. ब्रेकपण नवे टाकलेत.”

“मौनात कान पण बंद ठेवायचे असतात, वहिनी!” दीर हसले, पण ते हसू गळ्याखाली उतरलं नाही.

“माझं व्रत तोंडाचं आहे, भाऊजी.”

मग ती पुन्हा बेकरीवाल्याकडे वळली. आवाज तेवढाच होता, पण या वेळी तो वाकला नाही. जागच्या जागी, कान देऊन उभा राहिला. “पाच वाजता येते. तोवर इंजिन गार होईल. चालू करून बघेन, रस्त्यावर नेईन, आणि हो की नाही ते तुमच्या तोंडावर सांगेन. तोवर दोन्ही किल्ल्या माझ्याकडे राहू देत.”

“विश्वास नाही का?”

“नसता तर पुन्हा येते म्हणाले असते का?”

त्याने किल्ल्या दिल्या. दिरांनी टेम्पो चालू केला, तिच्यासाठी दार उघडून धरलं. ती म्हणाली, चालत येते. आणि चालत आली.

दुपारभर ती विणत बसली. ओला वेत बोटांखालून सरकत होता – वरून, खालून, दोन सोडून, पुन्हा वरून... शेजारी दोघीजणी कुणाच्या तरी नणंदेवरून खुसखुसत होत्या. एकीने विचारलं, “घेतली का हो गाडी, ताई?” ती म्हणाली, “अजून नाही.” पिळलेली चौकट तिने कधी परत पाठवली नव्हती. अशा खुर्चीला वीण एका बाजूने घट्ट घ्यावी लागते, बसणाऱ्याला सांगावं लागतं. मग ती खुर्ची सरळ खुर्चीपेक्षाही टिकते, कारण तिचा दोष माहीत असतो. पण सगळ्याच नाही टिकत. काही मोडतातच. ही कुठल्यातली? आणि मी ही गाडी मोजतेय की दिरांना? ‘परत येईल माझ्या टेम्पोकडे’ – हे वाक्य खोटं पाडायला ती वाकडी गाडीही घेईल, हे तिला स्वच्छ दिसलं, आणि पट्टी ओढता ओढता हात थांबला. म्हणजे घेतली तरी त्यांच्यासाठी, न घेतली तरी त्यांच्याचसाठी! दोन्ही दारांत दीर, अंगठे पट्ट्यात खोचून.

नवरा चहा घेऊन आला. कप तिच्यापाशी ठेवला, जरा रेंगाळला. “तो म्हणत होता, तू त्याला चारचौघांत बोललीस.”

“चारचौघे नव्हते. तिघंच होतो.”

“भावाचं मन दुखवू नये गं. अकरा वर्षं आपलं काम करतोय.”

“अकरा वर्षं खुर्च्यांचं मन दुखवतोय,” ती म्हणाली. दोघीजणी फस्सकन हसल्या. नवराही हसला, मग हसल्याबद्दल ओशाळला. तिने हात पुसले आणि त्याच्यादेखत फोन लावला.

“भाऊजी, गुरुवारी टेम्पो नको. त्यानंतरही नको... नाही, रागावून नाही. आभार मानायचे राहिले होते, ते मानते... नाही, ठरलं नाही अजून गाडीचं. त्याचा याच्याशी संबंध नाही.”

फोन ठेवला तेव्हा नवरा तिच्याकडे बघत होता, एखाद्या ओळखीच्या खोलीत अचानक खिडकी दिसावी तसा. “आणि गाडी चांगली नाही निघाली तर? साठ खुर्च्या डोक्यावरून नेणार?”

“मग भाड्याची बघेन. मग दुसरी शोधेन. तीही वाकडी निघाली तर तिसरी.”

हे तिने त्याला सांगितलं; पण ऐकलं मात्र तिनेच. दोन्ही दारं रिकामी झाली होती. आता गाडी नुसती गाडी उरली होती – उजव्या अंगाने मार खाल्लेली, कललेल्या गादीची, कदाचित चांगली, कदाचित नाही. तिला एकदम हलकं वाटलं, आणि थोडी भीतीही. पण ही भीती तिच्या स्वतःच्या मापाची होती.

पावणेपाच झाले होते. हातातली ओळ पूर्ण करून तिने पट्टीचं टोक खालून अडकवलं, ओलं फडकं वेतावर टाकलं, चपला घातल्या.

“सोबत येऊ का?” नवऱ्याने विचारलं.

तिने किल्ल्या पिशवीत टाकल्या. “नको,” ती म्हणाली, तिच्या नेहमीच्या हळू आवाजात. “पाचला येते म्हणून सांगितलंय मी.”

आणि ती बाहेर पडली.