तिरकी बाटली

माझ्या बहिणीचं, करिष्माचं, जानेफळला जमत आलेलं लग्न मोडलं. कारण असं की आमचे बाबा सकाळी साडेआठला, एसटी स्टँडच्या मागे, उभ्याने दारू पिताना होणाऱ्या व्याह्यांना सापडले.

असं काही झालेलं नाही. निदान आमच्या घरात तरी झालेलं नाही. बाबांसमोर जानेफळचं नाव निघालं की ते टीव्हीचा आवाज वाढवतात. टीव्ही बंद असला तरी रिमोट दाबत राहतात. तेव्हा तुम्हीही ते वाक्य विसरा. आपण असं धरू की करिष्माचं लग्न अजून जमायचं आहे आणि बाबा, म्हणजे भगवानराव, गावातले प्रतिष्ठित गृहस्थ आहेत.

आमचं गाव धाडच्या पुढे, रस्त्याला लागून. गावात एक कापसाचं जिनिंग, एक स्टँड आणि स्टँडकडे पाठ करून उभा असलेला एक बार. नाव 'हॉटेल न्यू समाधान'. जुनं समाधान कुठे होतं ते कोणाला आठवत नाही. मालकाचं नाव कडूबाशेठ, आणि यात गावाला कधीच काही गंमत वाटलेली नाही.

बारचं पुढचं शटर सरकारी वेळेप्रमाणे दुपारकडे वर जायचं. मागच्या भिंतीत एक खिडकी होती, ती उजाडताच उघडायची. खिडकीत कडूबाशेठचा फक्त हात दिसायचा. हात बाहेर यायचा, प्लास्टिकचा ग्लास द्यायचा आणि आत जायचा.

दारूबद्दल आमच्या गावात दोन मतं नाहीत. दारू सकाळी पिणं वाईट. संध्याकाळी पिण्याला आमच्याकडे पिणं म्हणतच नाहीत, 'बसणं' म्हणतात. बाबा बसतात, सोसायटीचे चेअरमन बसतात, व्यसनमुक्तीवर भाषण देणारे गुरुजी भाषण झालं की बसतात. बसणाऱ्याला खुर्ची असते, फुटाणे असतात, देशाची चिंता असते. त्याला घरी सोडायला दोन माणसं लागतात, पण तो बसलेला असतो. खिडकीवरचा माणूस उभा राहतो, ग्लास संपवतो, तोंड पुसतो आणि सरळ रेषेत घरी जातो. तो 'पितो'. त्याला बेवडा म्हणतात.

बाबांचं दुखणं हे की खिडकीवरचा सगळ्यात नेमाचा माणूस म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, आमचे कारभारीकाका. काका जिनिंगवर रात्रीचे वॉचमन. सकाळी ड्युटी सुटली की खिडकीवर एक ग्लास, मग घरी भाकर, मग झोप. संध्याकाळी ते टॉर्च आणि डबा घेऊन निघायचे, त्याच वेळी बाबा बसून परत यायचे. दोघा भावांची रोजची भेट अंगणात, तुळशीजवळ.

"काऊन बे कारभारी, आज पुन्हा खिडकीवर होता म्हनतात तू."

"हाव."

"लाज वाटते का थोडी?"

"दादा, पायरी समजून तू तुळशीच्या ओट्यावर पाय ठेवून राह्यला."

बाबांनी पाय काढला. "मी बसून आलो. तू पेऊन येतो. फरक आहे."

"माही ड्युटी सकाळी सुटते. तेच माही संध्याकाळ. त्या टायमाले ऊन पडते, त्याले मी काय करू?"

"सूर्यासमोर पेते, अन् वरून मले शिकवते," असं बाबा तुळशीला म्हणाले आणि आईने त्यांना आत नेलं.

तर, जानेफळ. तिथल्या महादेवरावांचा मुलगा मेहकरला मेडिकल दुकानात आहे, करिष्माचं डी.फार्म. झालेलं. दोघांचं पाहणं मेहकरलाच झालं, पसंती झाली, आणि पुढे मोबाईलवर इतकं बोलणं झालं की करिष्माने आणखी एक चार्जर घेतला. बाबा आणि महादेवराव जानेफळला एका संध्याकाळी बसले आणि बसता बसता सोयरीक जवळजवळ पक्की झाली. उठण्यापूर्वी महादेवरावांनी एकच विचारलं.

"घरात सकाळी पेनारं कोनी नाई ना?"

"निरा नाई, कोनीच नाई," बाबा म्हणाले.

बैठक आमच्याकडे ठरली. घरी आल्यावर बाबांच्या लक्षात आलं की पाहुणे स्टँडवर उतरणार. स्टँडवरून समोर दिसते ती खिडकी, आणि खिडकीवर दिसतो मुलीचा काका.

"कारभारीभाऊजींले त्या दिवशी घरी थांबवा," आई म्हणाली.

"अन् उद्या लग्नाले येतीन तवा? बारशाले येतीन तवा? नाई. सकाळच बंद कराव लागते."

बाबा दारूबंदीच्या साहेबांकडे गेले. मला सोबत नेलं, कारण मी एम.ए. आहे आणि अर्ज धरायला कोणीतरी लागतं. साहेबांनी अर्ज वाचला.

"सकाळी बार बंदच असतो," ते म्हणाले.

"चालू असते साहेब. भाऊच जाते माहा."

"कागदावर बंद आहे."

"मग आता खरोखर बंद करा."

"जे बंदच आहे ते बंद कसं करणार? मला आधी ते उघडावं लागेल. सकाळी उघडायची परवानगी देता येत नाही." साहेबांनी अर्जाची घडी घालून माझ्याकडे परत दिली. "चालू असलेलं बंद करता येतं. गावातल्या बायांच्या सह्या आणा, त्यांचं मतदान होईल. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. अर्ध्याहून जास्त बायांनी आडवीवर शिक्का मारला की बार कायमचा बंद."

बाबांनी विचार केला. "तिरकी नाई का? सकाळी आडवी, संध्याकाळी उभी."

साहेब शांतपणे म्हणाले की तिरकी नाही.

परतीच्या गाडीत बाबा बोटांवर सकाळ-संध्याकाळ मोजत होते. उतरता उतरता त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात खोल चिंतन होतं. "पाह्य, कागदावर सकाळ बंद, तरी सकाळी भेटते. म्हंजे कागदावर जे बंद होते ते भेटतच राह्यते. उद्या समदंच बंद झालं तर संध्याकाळ कोठी जाते? राह्यतेच. फक्त पाहुन्याईले सांगता येते, का आमच्या गावात दारूबंदी आहे."

मी एम.ए. असल्यामुळे मला यात काही चूक सापडली नाही.

सह्यांसाठी तानाबाईंकडे जाणं आलं. तानाबाई बौद्धवाड्यातल्या, महिला बचत गटाच्या अध्यक्ष. आडव्या बाटलीसाठी त्या कितीतरी वर्षं दारोदार फिरत होत्या, आणि दर वेळी प्रतिष्ठित घरांच्या दारावरून परत जात होत्या, कारण प्रतिष्ठित घरात त्या वेळी मालक बसायला गेलेले असायचे आणि मालकीण त्यांना विचारल्याशिवाय सही करायची नाही. बाबांना दारात पाहून त्यांनी निवडायला घेतलेले तांदूळ खाली ठेवले.

"सकाळची बंद कराची आहे बाई. सकाळच्यानं गावाची इज्जत चालली," बाबा म्हणाले.

"अन् संध्याकाळच्यानं?"

"संध्याकाळी आमी बसतो."

"असं का. आमाले वाटलं पडता," तानाबाई म्हणाल्या. "माह्या घरी भांडे दोन्ही टायमाले फुटत होते भगवानराव. मी कधी घड्याळ नाई पाह्यलं. तुमच्या घरच्या विमलबाईची सई आनता का?"

बाबांनी आईची सही आणली. चेअरमनच्या, गुरुजींच्या बायकांच्याही आणल्या. संध्याकाळी बसायला गेल्यावर बाबांनी प्रत्येक टेबलावर आपलं चिंतन समजावून सांगितलं होतं, आणि तिथे ते सगळ्यांना फार लवकर पटलं. कडूबाशेठनेसुद्धा ऐकलं आणि ग्लास पुसत राहिला.

मतदानाच्या दिवशी आई नवी साडी नेसून गेली. आल्यावर बाबांनी विचारलं, "शिक्का बरोबर मारला ना?"

"आयुष्यात पह्यल्यांदा इतका बरोबर मारला," आई म्हणाली. करिष्मा तिच्या मागे उभी राहून हसत होती.

आडवी बाटली निवडून आली. जेमतेम वगैरे नाही, धो धो. गावात मिरवणूक निघाली आणि बाबांनी तिच्यापुढे नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी साहेब येऊन शटरला सील लावून गेले. त्या संध्याकाळी बाबा, चेअरमन आणि गुरुजी नेहमीप्रमाणे बसायला गेले, तर शटरसमोर कडूबाशेठच्याच प्लास्टिकच्या खुर्च्यांवर तानाबाई आणि बचत गटाच्या बाया बसल्या होत्या. हातात काठ्या, मध्ये फुटाणे.

"काय काम काढलं?" तानाबाईंनी विचारलं.

"बंदोबस्त पाहाले आलो," गुरुजी म्हणाले.

रोज दिवे लागायच्या आत बाया तिथे हजर व्हायच्या आणि गाव झोपेपर्यंत हलायच्या नाहीत. संध्याकाळ खरोखर बंद झाली. उरली सकाळ. सकाळी बाया कापूस वेचायला वावरात जायच्या, आणि खिडकीला काही झालं नव्हतं. साहेबांनी परवाना रद्द केला होता. खिडकीला परवाना कधीच नव्हता, मग रद्द काय होणार? हात पूर्वीसारखाच बाहेर यायचा.

आठवडाभर बाबांनी तत्त्व पाळलं. मग एके दिवशी ते 'दूध पाहून येतो' म्हणून निघाले. आमच्या घरी दोन म्हशी आहेत. स्टँडमागे पोचले तर चेअरमन आणि गुरुजी दूध पाहायला आधीच आलेले होते. हळूहळू रांग झाली. सगळ्यांनी एकमेकांकडे पाठ करून उभं राहायची पद्धत पाडली, त्यामुळे रांगेत पुढे कोण आणि मागे कोण यावर वाद व्हायचे. प्रतिष्ठित माणसाला उभ्याने पिण्याची सवय नसते. गुरुजी तर भिंतीला टेकून गुडघे वाकवायचे आणि खुर्ची असल्यासारखे अधांतरी बसायचे.

कारभारीकाकांनी पहिल्या दिवशी ही रांग पाहिली आणि ते मागच्या मागे घरी आले. "मी नाई जात तिथं आता," त्यांनी आईला सांगितलं. "समदे बेवडे जमतात."

बैठकीचा दिवस आला. पाहुणे आता एसटीऐवजी जीपने, जेवायच्या वेळी यायचे होते. सकाळी आई पुरणाच्या मागे, करिष्मा साडीच्या पिना शोधते आहे, आणि बाबा गायब. मोठी बोलणी करायची म्हणजे थोडा धीर लागतो, तो आणायला ते गेले होते. काका नुकतेच ड्युटीवरून आले होते. आईने मला आणि त्यांना बाबांना आणायला पाठवलं.

आम्ही खिडकीजवळ पोचलो तेव्हा बाबांचा धीर निम्मा पिऊन झाला होता. त्याच वेळी एसटी आली. जीपवाल्याने आयत्या वेळी दुसरं भाडं घेतलं होतं, त्यामुळे महादेवराव पहाटेच्या गाडीने एकटेच पुढे निघाले होते. ते उतरले, फेटा सारखा केला आणि पत्ता विचारायला समोर जी माणसं दिसली तिकडे वळले.

काकांनी तेवढ्यात बाबांच्या हातातला ग्लास काढून आपल्या हातात घेतला.

"हा माहा आहे," ते हळूच म्हणाले. "तू बोलू नको दादा. निरा गप राह्य. मी बेवडाच आहे."

एवढ्यावर सगळं निभावलं असतं. व्याह्यांनी मुलीच्या काकाला नाक मुरडलं असतं, बाबांनी मान खाली घातली असती, बैठक झाली असती. बाबांनी फक्त तोंड उघडायला नको होतं. पण समोर ग्लास घेतलेला भाऊ, आणि उजाडलेलं. वर्षानुवर्षांची सवय.

"लाज वाटते का तुले?" बाबा गरजले. "सकाळी सकाळी पेते? आमच्या खानदानात सकाळी कोनी तोंडाले लावली नाई..."

महादेवराव अगदी जवळ येऊन उभे होते. बाबांचं वाक्य त्यांच्या नाकापर्यंत पोचलं आणि ते दोन पावलं मागे सरकले.

"भगवानराव," ते म्हणाले, "हे वाक्य तुमच्या तोंडाचा वास घेऊन आलं."

"चहा आहे तो," बाबा म्हणाले.

"मी बसनारा मानूस आहे. मले वास समजते." महादेवरावांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "आपन बसलो होतो जानेफळले, किती चांगले बसलो होतो. आमी बसनाऱ्याच्या घरी सोयरीक करतो. उभ्यानं पेनाऱ्याच्या नाई."

परतीची गाडी यायची होती, तोवर ते स्टँडच्या बाकावर आमच्याकडे पाठ करून बसले. काकांच्या हातातला ग्लास तसाच होता. त्यांनी तो खिडकीत परत ठेवला. हात बाहेर आला आणि घेऊन गेला.

घरी करिष्मा साडी नेसून दारात उभी होती. तिला सांगावं लागलं नाही. मुलाचा मेसेज आमच्या आधी पोचला होता. तिने मोबाईल मला दिला. 'पप्पा ऐकत नाहीत. म्हणतात, माणसाबद्दल तक्रार नाही, वेळेबद्दल आहे. संध्याकाळ असती तर काहीच हरकत नव्हती.'

"शिवमदादा, तू एम.ए. आहे ना," ती म्हणाली. मग ती साडीच्या पिना काढत बसली.

म्हणून मी अर्ज लिहिला. साहेबांना, जिल्ह्याच्या साहेबांना आणि वेळ ज्यांच्या अखत्यारीत येत असेल त्या विभागाला. शेवटचा परिच्छेद खालीलप्रमाणे:

'तरी उपरोक्त वस्तुस्थिती लक्षात घेता, यापुढील मतपत्रिकांवर तिरकी बाटली हे तिसरे चिन्ह द्यावे किंवा न द्यावे, त्याबाबत अर्जदाराचा आग्रह नाही. परंतु सदर बैठकीच्या दिवशीची, एसटी स्टँडमागील, सकाळी साडेआठची वेळ ही पूर्वलक्षी प्रभावाने संध्याकाळ म्हणून घोषित करण्यात यावी, त्या वेळी पडलेले ऊन शासनजमा करण्यात यावे, अर्जदाराचे वडील सदर वेळी उभे नसून बसलेले होते अशी नोंद घेण्यात यावी, आणि तसा दाखला जानेफळ येथील संबंधितांस लग्नसराई संपण्यापूर्वी आपल्या सही-शिक्क्यानिशी पोचता करण्यात यावा, ही नम्र विनंती.'