नानाजीचा दुपट्टा

नानाजीच्या चेहऱ्यावर कोडाचे पांढरे डाग होते. त्याच्या हातची मेथी कोणी घेईना, म्हणून आसेगावच्या बाजारात तो डोळ्यांपर्यंत दुपट्टा गुंडाळून बसायचा. हाका मारायचं काम बायकोचं, गोजराबाईचं. लग्नात फोटोची वेळ आली की या माणसाला हमखास बैलांना पाणी पाजायचं आठवायचं, आणि त्यावरून ती त्याला जन्मभर चिडवत आली.

तो गेला तेव्हा स्मशानाची वाट बंद होती. पलीकडच्या वावरांनाही तीच वाट, नानाजीच्या मेथीच्या वावरालासुद्धा. सरपंचाने ठराव करून ती मेहुण्याच्या गोदामाला देऊन टाकली, तारा ठोकल्या, फाटक लावलं. गावाने अर्ज केले, हातापाया पडून झालं, कोणी दाद दिली नाही. मयत न्यायची तर नाल्यातून. मागच्या पावसाळ्यात एक तिरडी त्या चिखलात कलंडली, तेव्हा घरी येऊन नानाजी म्हणाला होता, "मले त्या गाऱ्यातून नेऊ नको वं."

म्हणून गोजराबाईने तिरडी ग्रामपंचायतीपुढे ठेवायला लावली. सरपंच कुलूप ठोकून पसार झाला. पुतण्या गजेंद्र सगळं मोबाइलवर लाइव्ह दाखवत होता. थोड्या वेळाने तो तिच्याजवळ उकिडवा बसला.

"काकू, तोंडावरचा दुपट्टा काढा लागते. नुसतं कापड पाहून लाइव्हवर कोणी थांबून नाही राह्यलं."

"त्याइले आवडत नाही."

"मंग गाऱ्यातूनच न्या लागन."

ऊन चढत होतं. तिने दुपट्ट्याचं टोक धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. मग एकदाचं ओढलं. गजेंद्रने मोबाइल जवळ नेला.

जिल्हाभर लोकांनी पाहिलं. दुपार कलायच्या आत तहसीलदार आला, फाटक निघालं, तारा निघाल्या. उचलताना तिने दुपट्टा पुन्हा नीट डोळ्यांपर्यंत घातला, पण आता त्याचा काय उपयोग होता! बायका वेशीपाशी थांबल्या. तिथूनच तिने धूर पाहिला. चिखल लागला नाही, एवढंच काय ते समाधान.

तेरवी झाली आणि गावाने वाटेच्या तोंडाशी फ्लेक्स लावला. 'नानाजी मार्ग'. खाली त्या लाइव्हमधलाच फोटो, माणसाहून मोठा. मिटलेले डोळे, सगळे डाग. गजेंद्र मोठ्या कौतुकाने तिला दाखवायला घेऊन आला.

"काढ तो," ती म्हणाली.

"काहून वं काकू? काकाचा मान हाये तो. सारं गाव हात जोडून राह्यलं."

लोक खरंच हात जोडत होते. ज्यांनी त्याच्या हातची मेथी कधी घेतली नाही, तेही. तिला सरपंचाचा राग होता आणि तो मरेपर्यंत राहणार होता. पण दुपट्टा काही सरपंचाने ओढला नव्हता.

आता सगळं गाव त्या वाटेने सरळ वावरात जातं. गोजराबाई तेवढी टोपली डोक्यावर घेऊन, लुगडं वर खोचून, नाल्याच्या गाऱ्यातून जाते.