लपलेले रकाने

अक्षर मोठं करायला म्हणून दामिनीने सेटिंग उघडली. चाळिशी लागून वर्ष झालं होतं आणि ऑफिसातल्या त्या नव्या ब्राउझरची अक्षरं मुंगीएवढी. तिने भाषा हिंदी केली, काळा पडदा पांढरा केला, अक्षर दोन पायऱ्या वाढवलं.

नागपूरच्या रामदासपेठेतल्या या विवाह केंद्रात ती तीन वर्षं होती. एकाच कॉम्प्युटरवर चाळीस खिडक्या उघडायच्या. लग्नाच्या वेबसाइटला प्रत्येक खिडकी म्हणजे वेगळा फोन, वेगळं गाव, वेगळी मुलगी वाटावी, ही त्या ब्राउझरची करामत. "पोरींच्या घरच्यांले हे जमत नाही, म्हणून त्यांच्या वतीनं आपण करतो," मालक प्रीतमसर पहिल्याच दिवशी म्हणाले होते. दामिनीने ते मानलं. विधवा बाईला बसून करायचं काम मिळालं होतं. जास्त खोदायचं कशाला? तिच्या यादीत नावं नव्हतीच, नुसते आकडे. सकाळी एकेक खिडकी उघडायची, फोटो चढवायचे, आलेल्या मागण्या न वाचता सरसकट स्वीकारायच्या. गप्पा मारायचं काम शेजारच्या टेबलावरच्या मिनलचं.

सेटिंगच्या तळाशी 'कोणते रकाने दिसावेत' अशी यादी होती. बऱ्याच चौकटी रिकाम्या. आता नीट दिसतंच आहे तर सगळंच दिसू दे, म्हणून तिने साऱ्यांवर खुणा केल्या.

आकड्यांशेजारी नावं उगवली. सतरा नंबरवर चिन्मयी, वर्धा.

तिचा हात माउसवरच थांबला. तिचा धाकटा भाऊ उन्मेष हिंगण्याच्या कारखान्यात होता; वय छत्तीस, एकोणीस मुलींनी नाकारलेला. सहा महिन्यांपासून वर्ध्याची एक चिन्मयी त्याच्याशी मेसेजवर बोलत होती. तिचा फोटो त्याने लाजून कधी दाखवला नव्हता. येत्या रविवारी तो तिला भेटायला निघाला होता.

पुढच्या रकान्यात टिपण होतं. 'उन्मेष, हिंगणा. बोलताना अडखळतो, फोन टाळावा, त्यालाही बरं वाटतं. आई गेल्यापासून दिवाळी करत नाही. तो विषय काढला की मोकळा होतो. बहीण आपल्याच ऑफिसात, सांभाळून.' शेवटचा रकाना, वापरणारा: मिनल.

आईची आणि दिवाळीची गोष्ट दामिनीने एकाच माणसाला सांगितली होती. डबा खाताना.

"हे काय आहे वं, मिनल?"

मिनलने पडद्याकडे पाहिलं आणि खुर्ची मागे सारली. "तुले हे कसं दिसून राहिलं?"

"मी काय विचारून राहिली?"

"पहिले मले माहीत नव्हतं तो तुहा भाऊ आहे म्हणून. मंग समजलं, तं सर म्हणे, बोलतं गिऱ्हाईक दर महिन्याले पैसे भरते, सोडायचं नाही." मिनलचा आवाज खाली गेला. "अन् तूच तं म्हणे ना, उन्मेष आजकाल हासून राहिला म्हणून. मले वाटलं, चाललं तं चालू द्यावं."

"माह्या डब्यातलं खाऊन तू माहंच घर विकलं."



दामिनीने सतरा नंबरची खिडकी उघडली. उन्मेषचा मेसेज पडून होता: रविवारी सकाळच्या बसनं निघतो, तुम्ही स्टँडवर या. 'माझं लग्न ठरलं, येऊ नका,' तिने टाइप केलं. विसाव्या मुलीनेही नाही म्हटलं, एवढंच त्याला कळेल. मग तिने एकेक अक्षर खोडलं. त्याच खिडकीतून आणखी एक खोटं पाठवायला तिचा हात धजेना.

सगळे रकाने तसेच उघडे ठेवून ती उठली आणि कुणालाही न सांगता जिना उतरली.

सक्करदऱ्यातल्या आपल्या खोलीत उन्मेष आरशासमोर उभा होता. अंगात रविवारसाठी घेतलेला नवा शर्ट, बाह्यांवर अजून दुकानातल्या घड्या.

तिने उभ्या उभ्याच सांगितलं. काही गाळलं नाही, ते टिपणसुद्धा.

तो आरशापासून वळला. "मंग रोज, जेवले काय म्हणून विचारे, ते कोण?"

"मिनल."

"तू तिच्या बाजूलेच बसे ना वं, ताई?"

"हो."

"अन् फोटो?"

"फोटो मीच चढवत होती. पोरगी कोण, मले माहीत नाही."

उन्मेषने मान हलवली. शर्टाची बटणं वरून एकेक काढली. शर्ट पलंगावर पालथा घातला, बाह्या मागे दुमडल्या, दुकानदाराने केली होती तशी घडी बसवली. बशीत काढून ठेवलेल्या टाचण्या एकेक उचलून त्याने त्यांच्या मूळ भोकांत पुन्हा खोचल्या. शेवटची टाचणी कॉलरखाली बसली, तेव्हा त्याने शर्ट खोक्यात ठेवला आणि झाकण लावलं.